मॅक्स पेन मालिका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'मॅक्स पेन' या गोळीबाराच्या व्हिडिओ गेम मालिकेबद्दल पहिल्यांदाच खेळणाऱ्यांचे आणि बऱ्याच वर्षांनी परत खेळायला घेणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कथेतली मोठी गुपितं शक्यतो फोडलेली नाहीत. जिथे फोडावी लागली, तिथे आधी सांगितलं आहे.

मालिकेत किती गेम आहेत आणि ते कोणी बनवले?

मुख्य गेम तीन. पहिला 'मॅक्स पेन' फिनलंडमधल्या एस्पो शहरातल्या रेमेडी एन्टरटेनमेंटने बनवला. तो जुलै २००१मध्ये विंडोजवर आला आणि त्याच वर्षाअखेरीस प्लेस्टेशन २ आणि एक्सबॉक्सवर. 'मॅक्स पेन २ : द फॉल ऑफ मॅक्स पेन' ऑक्टोबर २००३मध्ये आला. तोही रेमेडीचाच, पण तोवर मालिकेचे हक्क टेक-टू कंपनीकडे गेले होते आणि प्रकाशक रॉकस्टार गेम्स होते. 'मॅक्स पेन ३' रॉकस्टारने स्वतःच्या स्टुडिओत केला. मे २०१२मध्ये तो प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६०वर आला, विंडोजवर त्यानंतर दोनेक आठवड्यांनी.

पहिल्या गेमची गेम बॉय ॲडव्हान्सवरची आवृत्तीही आहे. तिच्यात सगळं वरून तिरकं दिसतं. त्या इवल्याशा यंत्रावर इतकं बसवलं याचं कौतुक वाटतं, पण सुरुवात तिथून करू नका.

कोणत्या क्रमाने खेळावेत?

एक, दोन, तीन. दुसऱ्या भागाची निम्मी ताकद पहिल्या भागातल्या माणसांवर उभी आहे. व्लादिमिर लेम, मोना सॅक्स, जिम ब्रावुरा, विनी गोनिटी हे कोण आणि कुणाचं कुणाशी काय बिनसलं हे ठाऊक नसेल, तर दुसऱ्या भागातले संवाद नुसते छान वाटतील, झोंबणार नाहीत. तिसरा भाग बराचसा स्वतंत्र आहे. मॅक्स न्यूयॉर्क सोडून ब्राझीलमधल्या साओ पावलोत एका श्रीमंत कुटुंबाचा खासगी अंगरक्षक झालेला असतो. तो आधी खेळला तर कथा कळते. अडचण हाताची होते. तिसऱ्याची आडोसा धरून लढायची सवय लागली, की पहिल्या गेममध्ये पहिल्या तासाभरातच चिडचिड सुरू होते.

पहिला गेम आज जुनाट वाटणार नाही का?

चेहरे वाटतील. मॅक्सच्या चेहऱ्यावर एकच भाव कायमचा चिकटवलेला आहे. लेखक सॅम लेक यांनी स्वतःचाच चेहरा त्यासाठी दिला होता आणि ती आंबट मुद्रा पुढे चाहत्यांची लाडकी झाली. पण गोळीबार अजिबात जुना झालेला नाही, आणि त्याला कारण आहे. या गेममध्ये प्रत्येक गोळी ही हवेतून प्रवास करणारी वस्तू म्हणून मोजली जाते. बहुतेक गेममध्ये चाप ओढला त्याच क्षणी निकाल लागतो. इथे गोळी पोहोचायला वेळ लागतो, म्हणून पळत्या माणसाच्या थोडं पुढे नेम धरावा लागतो, आणि वेळ मंद झाला की समोरून येणारी गोळी दिसते, चुकवता येते. वेळ मंद करण्याची करामत नंतर असंख्य गेमनी उचलली. गोळ्या खऱ्याखुऱ्या उडवण्याचं काम मात्र फार थोड्यांनी मनावर घेतलं.

या गेमचं इंजिन मॅक्स-एफएक्स. त्या काळी संगणकाची ग्राफिक्स क्षमता मोजायला थ्रीडीमार्क ही चाचणी सर्रास चालवली जाई. तिच्या १९९९ ते २००१च्या आवृत्त्यांत हेच इंजिन होतं.

'न्वार' म्हणजे यात नेमकं काय आहे?

न्वार ही काळोख्या, निराश सुराच्या गुन्हेगारी कथांची शैली. पण अंधार आणि पाऊस असला की न्वार झालं, असं नाही. या मालिकेतलं न्वार निवेदनात आहे. तिन्ही गेम शेवटाजवळच्या एखाद्या क्षणापासून सुरू होतात आणि मॅक्स मागे जाऊन सांगू लागतो. निकाल आधीच लागलेला असतो, आपण फक्त तिथवर चालत जातो. पहिल्या गेममध्ये तो इमारतीच्या छतावर उभा आहे, खाली पोलिसांच्या गाड्या जमल्या आहेत, आणि तो तीन वर्षांपूर्वीच्या त्या दिवसाबद्दल बोलू लागतो, ज्या दिवशी त्याची बायको मिशेल आणि तान्ही मुलगी रोझ मारल्या गेल्या. त्याची भाषा उपमांनी ठासून भरलेली, मुद्दाम अतिशयोक्त. काही वाक्यं इतकी भडक आहेत की हसू येतं. लेखकाला ते माहीत आहे. एका दुःस्वप्नात मॅक्सला कळतं की आपण चित्रकथेतलं पात्र आहोत, आणि थोड्या वेळाने त्याहून वाईट बातमी कळते, की आपण संगणकावरच्या गेममधलं पात्र आहोत.

पहिल्या भागाला नॉर्स पुराणांचं अस्तर आहे. अमली पदार्थाचं नाव व्हॅल्किर, नाइट क्लबचं रॅग्ना रॉक, कंपनीचं एसिर, लवकर मारल्या जाणाऱ्या सहकाऱ्याचं बाल्डर, पडद्यामागच्या वृद्धाचं वोडेन, म्हणजे ओडिनच. बाहेर थांबायचं नाव न घेणारं हिमवादळ हा जगबुडीपूर्वीचा हिवाळा. हे न कळताही गेम पूर्ण होतो. कळलं तर त्या नाइट क्लबमधल्या गुंड लुपिनोची लांडग्याची बडबड निव्वळ वेडेपणा वाटत नाही.

तिसऱ्यात बहुतेक ठिकाणी बर्फ-पावसाऐवजी रखरखीत ऊन आहे. त्यावरून चाहत्यांत अजून भांडणं होतात. आमचं मत : निवेदन टिकलं आहे, म्हणून न्वारही टिकलं आहे. पडद्यावर शब्द उमटवण्याचा आणि चित्र थरथरवण्याचा सोस मात्र जरा आवरायला हवा होता.

मधली चित्रकथा वगळता येते का?

येते, पण पहिल्या खेपेला वगळू नका. पैसे कमी होते म्हणून रेमेडीने हलत्या दृश्यांऐवजी चौकटींची चित्रकथा केली. कंपनीतलीच माणसं आणि त्यांचे नातेवाईक उभे करून फोटो काढले आणि त्यांना रंगवल्यासारखं रूप दिलं. खलनायिका निकोल हॉर्नसाठी सॅम लेक यांच्या आईनेच चेहरा दिला आहे. दुसऱ्या भागात पैसा आला, व्यावसायिक नट आले, मॅक्सचा चेहरा टिमोथी गिब्सचा झाला, तरी चौकटी राहिल्या. तिसऱ्यात त्या गेल्या आणि चालती दृश्यं आली. ती अनेकदा लगेच वगळता येत नाहीत, कारण त्यांच्या आड पुढची जागा लोड होत असते.

बुलेट टाइम आणि शूटडॉज यांत फरक काय?

बुलेट टाइममध्ये सगळं जग मंद होतं, मॅक्सही मंद होतो, पण तुमचा माउस नेहमीच्याच वेगाने फिरतो. तुम्हाला मिळते ती फक्त नेम धरायची सवड. शूटडॉज म्हणजे एका दिशेने झेप. ती हवेत असेपर्यंत वेळ मंद असतो.

पहिल्या गेममध्ये या दोन्हींसाठी एकच कळ पुरते. उभे असताना माउसची उजवी कळ दाबली तर बुलेट टाइम, हालचाल करताना दाबली तर झेप. नवीन खेळाडूंचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. फक्त वेळ मंद करायचा असतो आणि मॅक्स भिंतीवर जाऊन आपटतो. सेटिंगमध्ये दोन्हींना वेगवेगळ्या कळा देता येतात. पहिलं काम तेच करा.

बुलेट टाइमचा साठा पडद्यावर वाळूच्या घड्याळाने दिसतो आणि तो गेमगणिक वेगळा वागतो. पहिल्यात तो शत्रू मारल्यावरच भरतो आणि झेपही त्यातूनच थोडा खर्च करते. दुसऱ्यात झेप फुकट आहे, साठा हळूहळू आपोआपही भरतो, आणि बुलेट टाइममध्ये लागोपाठ माणसं पाडली की मॅक्सचा वेग वाढत जातो, चित्र पिवळट होत जातं. याच अवस्थेत मॅगझिन बदलायला घेतलं तर तो गिरकी घेऊन बदलतो आणि त्या क्षणी जग जवळजवळ थांबतं. ते नुसतं शोभेचं नाही. चौघांच्या मध्ये उभं राहून मॅगझिन भरण्याची ती एकमेव सुरक्षित वेळ आहे.

झेप घेतली की मरतोच. काय चुकतंय?

जवळजवळ नेहमी दिशा चुकते. झेपेचा मार्ग सुरुवातीलाच ठरतो. हवेत नेम बदलता येतो, वाट नाही. आणि पहिल्या गेममध्ये जमिनीवर पडल्यावर उठायला जो वेळ लागतो, त्यात मॅक्स उघडा पडतो. खोलीत सरळ पुढे झेप घेतली, म्हणजे तुम्ही शत्रूंच्या पायाशी जाऊन पडता.

योग्य पद्धत अशी. दाराच्या एका बाजूला उभे राहा. मॅगझिन पूर्ण भरून घ्या. दारासमोरून आडवे, या चौकटीकडून त्या चौकटीकडे झेपा. हवेत असताना खोलीतल्या सगळ्यात जवळच्या माणसावर गोळ्या चालवा, मग दुसऱ्यावर. पडाल ते पलीकडच्या भिंतीआड, म्हणजे उठेपर्यंत कुणाला दिसणार नाही. मग हेच उलट दिशेने. दोन झेपांत बहुतेक खोल्या रिकाम्या होतात.

झेपेच्या वाटेत टेबल, कठडा किंवा भिंत आली तर झेप तिथेच मोडते आणि मंद वेळही संपतो. जिन्यावर आणि अरुंद बोळात झेप घेऊ नका, तिथे साधा बुलेट टाइम वापरा. दुसऱ्या गेममध्ये गोळीबाराची कळ दाबून धरली तर मॅक्स पडल्या पडल्या गोळ्या झाडत राहतो. तिसऱ्यात तो पडूनच चारी बाजूंना नेम धरू शकतो, पण भिंतीवर आपटला तर सावरायला वेळ घेतो, कारण तिथे शरीराची हालचाल युफोरिया तंत्राने त्या त्या क्षणी गणली जाते.

बुलेट टाइम केव्हा लावावा?

आधी. पहिली गोळी लागल्यावर लावला तर उशीर झालेला असतो. दार उघडण्यापूर्वी, कोपरा वळण्यापूर्वी लावा आणि शेवटचा माणूस कोसळायला लागला की लगेच बंद करा. तो कोसळून पडेपर्यंत बघत बसण्यात अर्धा साठा जातो. मोह होतो, मान्य आहे.

साठा जपून ठेवणारा खेळाडू या गेममध्ये हरतो. साठा भरतो मारण्याने, म्हणून जो पुढे जातो त्याच्याकडे तो असतो आणि जो दबून बसतो त्याचा संपलेला राहतो. पहिले दोन गेम असेच रचले आहेत. तिथे आडोशाला चिकटून बसायची सोयच नाही, खांबामागे उभं राहणं एवढाच आडोसा. तिसऱ्यात कळ दाबून आडोसा धरता येतो आणि त्यामुळे खेळ मंदावतो. मध्यम पातळीपर्यंत तिसराही आडोशाशिवाय खेळून बघा, तो तसाच जास्त रंगतो.

पेनकिलर किती आणि केव्हा घ्यावेत?

पहिल्या दोन गेममध्ये एका वेळी ८ जवळ बाळगता येतात. गोळी घेतल्याबरोबर तब्येत पूर्ववत होत नाही, हळूहळू सुधारते. त्यामुळे मरणाच्या दारात, गोळीबार चालू असताना घेतलेली गोळी उपयोगाची नसते. पेटती लढत सुरू होण्याआधी एक घ्या किंवा आडोशाला जाऊन दोन घ्या. ८ जवळ असताना भिंतीवरचं औषधाचं कपाट दिसलं, तर जखमी असल्यास आधी एक वापरा, मग कपाट उघडा. पेनकिलरची कळ डाव्या हाताला सहज पोहोचेल अशी बदलून घ्या.

तिसऱ्यात एक वेगळा नियम आहे. जीव संपला पण खिशात पेनकिलर आहे, तर मॅक्स पडता पडता वेळ मंद होतो आणि ज्याने गोळी मारली त्याला टिपायची एक संधी मिळते. टिपला तर पेनकिलर आपोआप वापरलं जातं आणि तुम्ही वाचता. अडचण अशी, की तो माणूस भिंतीआड किंवा खांबाआड असेल तर नेमच लागत नाही. म्हणून तब्येत घसरली असेल तेव्हा निदान एक पेनकिलर राखून ठेवा आणि ज्यांच्याकडून गोळ्या येताहेत ते दिसतील अशाच जागी उभे राहा. 'ओल्ड स्कूल' पातळीत ही संधी मिळत नाही.

कोणती काठिण्यपातळी निवडावी?

पहिल्या गेममध्ये सुरुवातीला 'फ्युजिटिव्ह'च उघडी असते. ती तुमच्या खेळाप्रमाणे स्वतःला बदलते. वारंवार मरत असाल तर सैल होते, सफाईने खेळत असाल तर आवळते. त्यामुळे 'मला फार सोपं गेलं' आणि 'मला फार अवघड गेलं' असं म्हणणारे दोघेही खरं सांगत असतात. ती संपवली की 'हार्ड-बॉइल्ड' खुली होते आणि तिच्यानंतर 'डेड ऑन अरायव्हल'. या शेवटच्या पातळीत एका प्रकरणात फक्त ७ वेळा सेव्ह करता येतं. प्रकरण सुरू झाल्यावर लगेच सेव्ह करू नका. पहिल्या दोन चकमकी पाठ होईपर्यंत सुरुवातीपासूनच खेळा आणि निदान दोन सेव्ह शेवटच्या खोल्यांसाठी राखा.

'न्यूयॉर्क मिनिट' या वेगळ्या खेळप्रकारात घड्याळ एका मिनिटापासून उलटं चालतं आणि प्रत्येक मारलेल्या माणसामागे काही सेकंद मिळतात. इथे पेनकिलरचं प्रत्येक कपाट उघडणं परवडत नाही, वाटेवर असेल तेवढंच घ्या.

दुसऱ्या गेमबद्दल एक गोष्ट, आणि पुढचं वाक्य गुपित फोडणारं आहे : 'डेड ऑन अरायव्हल' पातळीवर गेम पूर्ण केला तर शेवट बदलतो आणि मोना वाचते.

पहिल्या गेममधली रक्ताच्या रेषांची दुःस्वप्नं कशी पार करायची?

सगळ्यात जास्त शिव्या खाणारा हाच भाग. काळोखात बारीक लाल रेषेवरून चालायचं, तोल गेला की मृत्यू. कॅमेरा जवळजवळ सरळ खाली वळवा, म्हणजे पायाखालची रेषा आणि पुढचं वळण एकत्र दिसतं. पळू नका. फाटा आला की क्षणभर थांबून बाळाचं रडणं कुठल्या बाजूने वाढतंय ते ऐका, त्यासाठी स्पीकरपेक्षा हेडफोन बरे. उडी मारण्याआधी मॅक्स पुढच्या तुकड्याच्या अगदी सरळ रेषेत आहे ना ते पाहा, कारण उडी सुरू झाल्यावर बाजूला वळवण्याचा फारसा उपयोग होत नाही. प्रत्येक फाट्यावर क्विकसेव्ह करा, पण दोन वेगवेगळ्या सेव्ह ठेवा. पडता पडता चुकून सेव्ह झालं तर प्रकरण पुन्हा सुरुवातीपासून.

दुसऱ्या खंडाच्या सुरुवातीला सगळी हत्यारं गेली. हा बिघाड आहे का?

नाही, कथाच तशी आहे. मॅक्स पकडला जातो आणि सुटल्यावर हातात फक्त बेसबॉलची बॅट असते. पहिल्या खंडात जपून ठेवलेला दारूगोळा इथे उपयोगाचा नसतो, म्हणून खंडाच्या शेवटच्या प्रकरणात हात आखडता घेऊ नका. बॅटने लढताना बुलेट टाइम लावून माणसाच्या बाजूने जा, समोरून नाही. पहिल्या माणसाची बंदूक मिळाली की बॅट विसरा.

त्याच खंडातल्या पेटत्या रेस्टॉरंटमध्ये लोक उगाच अडकतात. तिथे शत्रू दुय्यम, आग मुख्य. थांबून वाट शोधायची नाही, पळता पळता शोधायची. छत आणि भिंती ठरावीक जागी, तुम्ही तिथे पोहोचल्यावरच कोसळतात. त्यामुळे प्रत्येक स्फोटानंतर लगेच सेव्ह करा आणि पुढच्या खेपेला तिथून अर्धा सेकंद आधी झेपा.

दुसऱ्या गेममध्ये विनीला वाचवताना तो सारखा मरतो.

विनी गोनिटी बॉम्ब लावलेल्या कार्टूनच्या पोशाखात असतो आणि स्वतःसाठी काहीही करत नाही. तुम्ही मागे राहिलात की तो गेलाच. त्याच्या पुढे राहा, लांबचा नेम असलेली बंदूक हातात ठेवा आणि सगळ्यात आधी त्याला सर्वात जवळ असलेला माणूस पाडा, तुमच्यावर गोळ्या झाडणारा नंतर. तुमच्या तब्येतीला पेनकिलर आहे, त्याच्या तब्येतीला नाही.

कोणतं हत्यार चांगलं?

हातातलं भरलेलं. तरी थोडं : पहिल्या गेममध्ये दोन बेरेटा पिस्तुलांच्या जोडीत ३६ गोळ्या मावतात, एकीत १८. सुरुवातीचा बराच भाग या जोडीवर निघतो. सॉड-ऑफ शॉटगनमध्ये दोनच काडतुसं, ती फक्त अंगाला अंग भिडल्यावर. दोन इन्ग्रॅम (छोट्या मशीनगन) झेपेत भयानक चालतात, पण गोळ्यांचा फवारा पसरतो म्हणून लांबून वाया जातात. तिसऱ्यात दोन छोटी हत्यारं आणि एक मोठं इतकंच जवळ बाळगता येतं. दोन्ही हातांत पिस्तुलं घेतली की मोठी बंदूक टाकावी लागते. शिवाय दृश्य संपल्यावर मॅक्सच्या हातात पुष्कळदा पिस्तूलच उरतं, आधी रायफल असली तरी. दृश्य संपताच हत्यार बदलायचं, ही सवयच लावून घ्यावी लागते.

आजच्या विंडोजवर पहिला गेम चालत नाही, आवाज येत नाही, चित्र ताणलेलं दिसतं. काय करावं?

तीन वेगळे बिघाड आहेत, म्हणून एक एक करून निस्तरा आणि प्रत्येक बदलानंतर गेम सुरू करून पाहा. सगळं एकदम टाकलं तर नेमकं काय बिघडलं ते कळत नाही.

आधी गेम प्रोग्राम फाइल्सच्या बाहेर, साध्या फोल्डरमध्ये इन्स्टॉल करा. आत ठेवला तर विंडोज तिथल्या फाइल बदलू देत नाही आणि दुरुस्त्या लागू झाल्यासारख्या वाटतात पण होत नाहीत.

एएमडीच्या प्रोसेसरवर गेम सुरू होतानाच जेपेग चित्रांबद्दल त्रुटी दाखवून बंद पडत असेल, तर कारण जुनं आहे. गेमचा चित्रं उलगडणारा भाग एएमडीच्या थ्रीडी-नाऊ सूचनांवर विसंबून होता आणि नव्या एएमडी प्रोसेसरमधून त्या काढून टाकल्या आहेत. चाहत्यांनी दुरुस्त केलेली आरएलएमएफसी नावाची डीएलएल फाइल मूळ फाइलच्या जागी ठेवा. मूळ फाइलचं नाव बदलून बाजूला ठेवा, पुसू नका. इंटेलवर ही भानगड नसते.

संगीत किंवा काही आवाज गायब असतील, तर मूळ ध्वनिफाइल ज्या जुन्या पद्धतीने दाबलेल्या आहेत ती नव्या विंडोजवर नीट उलगडत नाही. चाहत्यांचा ध्वनी पॅच त्या फाइल न दाबलेल्या स्वरूपात देतो. तुमच्या आवृत्तीसाठी असलेलाच घ्या. नाइट क्लबमध्ये शिरल्यावर संगीत वाजलं तर काम झालं.

रुंद पडद्यावर गेम ४:३ चित्र ताणतो आणि माणसं जाड दिसतात. वाइडस्क्रीन दुरुस्तीचा संच उघडून त्यातल्या फाइल गेमच्या मुख्य फोल्डरमध्ये टाका, मग सुरुवातीच्या चौकटीत तुमच्या मॉनिटरचं रिझोल्यूशन निवडा. चित्रकथेच्या चौकटी मुळातच ४:३ असल्यामुळे त्यांच्या बाजूला काळ्या पट्ट्या दिसल्या तर तो दोष नाही.

शेवटी फ्रेमची मर्यादा ६०वर बांधा, ग्राफिक्स कार्डच्या सेटिंगमधून. शेकडो फ्रेमचा विचार करून ही इंजिनं लिहिलेली नाहीत. लिफ्ट, उड्या, पडणाऱ्या वस्तू विचित्र वागू लागल्या तर आधी हेच तपासा. दुसऱ्या गेममध्ये सगळी पडझड हॅवॉक भौतिकीवर चालते, तिथे तर नक्कीच.

तिसऱ्याला यातलं काही लागत नाही. त्याला ३५ जीबी जागा आणि रॉकस्टारचं खातं लागतं. चित्र अडखळत असेल तर एमएसएए (चित्राच्या कडा गुळगुळीत करणारी सेटिंग) शून्यावर आणा, सगळ्यात जास्त भार त्याचाच असतो.

सेव्ह केलेला गेम कुठे असतो?

पहिल्या दोन्ही गेमच्या सेव्ह डॉक्युमेंट्स फोल्डरमध्ये, गेमच्या नावाच्या स्वतंत्र फोल्डरमध्ये पडतात. मॉड, म्हणजे खेळाडूंनी गेममध्ये केलेले बदल, टाकण्यापूर्वी तो फोल्डर दुसरीकडे उतरवून ठेवा. मॉडमधली सेव्ह मूळ गेममध्ये उघडायला जाऊ नका.

मॉड कसे टाकायचे? कोणते पाहावेत?

पहिल्या गेमच्या मॉड फाइलचं एक्स्टेन्शन एमपीएम असतं, दुसऱ्याच्या एमपी२एम. फाइल गेमच्या मुख्य फोल्डरमध्ये ठेवा, गेम सुरू करा आणि सुरुवातीच्या चौकटीतल्या कस्टमाइज्ड गेमच्या यादीतून ती निवडा. यादीत दिसत नसेल तर फाइल बहुधा एखाद्या आतल्या फोल्डरमध्ये राहिली आहे. एका वेळी एकच मॉड.

पहिल्या गेमचा 'कुंग फू' मॉड चुकवू नका. लाथा, भिंतीवरच्या उड्या, सगळं आहे आणि मूळ प्रकरणं त्याने पार वेगळी होतात. दुसऱ्यासाठी 'एलिमेंट्स ऑफ स्टाइल' आणि 'पेन इफेक्ट्स' हे लढतीची धाटणी बदलतात. 'सेव्हन्थ सर्पंट' ही तर स्वतंत्र कथाच आहे. रेमेडीने लेव्हल बनवण्याचं स्वतःचं साधन मॅक्सएड खेळाडूंच्या हाती दिलं होतं, हे सगळं त्यातूनच उगवलं.

अडकलो तर चीट आहेत का?

पहिल्या गेमच्या विंडोज आवृत्तीत आहेत. शॉर्टकटच्या टार्गेट ओळीच्या शेवटी, अवतरणचिन्हाच्या बाहेर, एक जागा सोडून वजा चिन्ह आणि त्याला चिकटून 'डेव्हलपर' हा शब्द लहान इंग्रजी अक्षरांत लिहा. गेममध्ये एफ१२ दाबलं की आज्ञा लिहायची पट्टी उघडते. 'गॉड' लिहिलं की मरण नाही, 'मॉर्टल' लिहिलं की पुन्हा मर्त्य. 'कोडर' लिहिलं की अमरत्व आणि सगळी हत्यारं एकदम. दुःस्वप्नात खोल पडून मरणं यातून टळेलच असं धरून चालू नका.

फोनवर किंवा नव्या कन्सोलवर खेळता येतो का?

पहिला गेम २०१२मध्ये आयफोन आणि अँड्रॉइडवर आला. आडवी झेप नुसत्या अंगठ्यांनी घेणं कठीण जातं, कंट्रोलर जोडा. तो नसेल तर पडद्यावरच्या कळांची जागा आणि आकार बदलून घ्या. तिन्ही गेमच्या एक्सबॉक्स आवृत्त्या नोव्हेंबर २०२१पासून नव्या एक्सबॉक्सवरही चालतात. प्लेस्टेशन ४वर पहिल्याची प्लेस्टेशन २ आवृत्ती आहे. तिच्यात प्रकरणांचे लहान तुकडे केलेले आहेत, त्यामुळे मध्ये मध्ये थांबावं लागतं.

नवी आवृत्ती येणार आहे म्हणतात, ते खरं का?

पहिले दोन गेम नव्याने बनवण्याची घोषणा रेमेडीने ६ एप्रिल २०२२ रोजी केली. दोन्ही मिळून एकच गेम, रेमेडीच्या नॉर्थलाइट इंजिनवर, रॉकस्टारच्या पैशाने, विंडोज, प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी. चाहत्यांना खरी काळजी आवाजाची आहे. तिन्ही गेममध्ये मॅक्सचा आवाज जेम्स मॅकॅफ्री यांचा. तिसऱ्यात चेहराही त्यांचाच. १७ डिसेंबर २०२३ रोजी ते गेले.

चित्रपट पाहावा का?

२००८चा, मार्क वॉलबर्ग असलेला. नावं तीच आहेत. गेम संपवून झाल्यावर कुतूहल म्हणून पाहा, आधी नको.

गेममधले टीव्ही थांबून बघण्यासारखे आहेत का?

हो, आणि पुष्कळ जण नेमकं हेच न बघता पुढे पळतात. टीव्ही दिसला की आधी खोली रिकामी करा, कारण संवाद गोळीबारात बुडतात. 'लॉर्ड्स अँड लेडीज' ही सरंजामी रडारड. 'ॲड्रेस अननोन' ही स्वतःचाच तोतया समोर उभा राहिलेल्या माणसाची भयमालिका, तिच्यातला गुलाबी फ्लेमिंगो विसरता येत नाही. दुसऱ्या गेममध्ये या मालिकेवर बेतलेलं एक बंद पडलेलं भुताटकीचं करमणूक केंद्र आहे आणि मोना तिथेच राहते. म्हणजे टीव्हीवर आधी भाग पाहिले असतील, तर ते प्रकरण दुप्पट कळतं. 'डिक जस्टिस' ही पहिल्या गेमच्या निवेदनाची रेमेडीने स्वतःच केलेली टवाळी. प्रत्येक मालिकेचा पुढचा भाग पुढच्या कुठल्यातरी प्रकरणातल्या टीव्हीवर लागतो, तेव्हा क्रम चुकवू नका. आणि कान उघडे ठेवा : 'पोएट्स ऑफ द फॉल'चं 'लेट गुडबाय' हे श्रेयनामावलीतलं गाणं गेममधली पात्रं आधीच गुणगुणत असतात, मोनासुद्धा.